सत्तरवर अडलेला गुडघा

मिस्त्रींनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या घरात गुडघे टेकून काढलं. फरशी बसवणाऱ्या माणसाला दुसरी बैठकच नसते. आधी खालचा थर सारखा करायचा, मग फरशी ठेवायची, रबरी हातोड्यानं हलकेच ठोकायची, लेव्हल लावून बघायची आणि गुडघ्यांवरच थोडं मागं सरकायचं. घरमालक त्या फरशीवर खुर्च्या ओढत, मुलं चेंडू आपटत, आणि मिस्त्री तोवर दुसऱ्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पुन्हा खाली बसलेले असत. त्यामुळे उजव्या गुडघ्यातली गादी पार झिजून हाडाला हाड घासायला लागलं, तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. राग मात्र आला. हातात अजून कसब होतं, नजर पक्की होती, आणि लेकीच्या नव्या घराची फरशी मीच बसवणार, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं. तिकडे त्या घराच्या भिंती उभ्या राहत होत्या आणि इकडे मिस्त्री कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन यायचं तरी घामाघूम होत होते.

ऑपरेशनचा निर्णय त्यांनी घेतला नाही. तो त्यांच्या बायकोनं आणि तिच्या धाकट्या बहिणीनं फोनवर घेतला. या दोघी बहिणींचा निम्मा संसार फोनवरच चालतो. धाकटीच्या नवऱ्याचा, म्हणजे मिस्त्रींच्या साडूंचाही गुडघा गेला होता. साडू विमा कचेरीतून निवृत्त झालेले, अंगानं भरलेले, बोलायला बसले की समोरच्याला उठू न देणारे. आयुष्यात त्यांनी गुडघे टेकले असतील तर कपाटाखाली गेलेला चष्मा शोधायला. पण गुडघा गेला तो गेला. एकच डॉक्टर, एकच हॉस्पिटल, एकच आठवडा, म्हणजे डबे पोचवायलाही सोपं, असा बहिणींनी हिशोब केला आणि दोन्ही साडू एकामागोमाग एक टेबलावर गेले.

ऑपरेशन दोघांचंही व्यवस्थित झालं. भानगड सुरू झाली ती घरी आल्यावर.

टाके निघाले, वॉकर जाऊन हातात काठी आली, आणि व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट घरी यायला लागली. लेकीच्या वयाची, गोड बोलणारी, पण हातांनी निर्दय. मिस्त्री तिला मॅडम म्हणत आणि ती त्यांना काका. तिनं पिशवीतून लाल रबराचा लांबलचक पट्टा काढला. त्याचं एक टोक खुर्चीच्या मागच्या पायाला बांधलं, दुसरं मिस्त्रींच्या घोट्याभोवती अडकवलं आणि पाय सरळ करून वर धरायला सांगितलं.

"आणि खाली आणताना सावकाश हं काका. पट्टा पाय ओढून नेणार, पण तुम्ही नेऊ द्यायचं नाही."

पाय सरळ करायचा हा व्यायाम मिस्त्रींना जमला. मांडी थरथरायची, पण जमला. खरा छळ पुढे होता. पलंगावर पाय लांब करून बसायचं, पट्टा तळपायाखालून घ्यायचा, दोन्ही टोकं हातात धरायची आणि टाच कुल्ल्याकडे ओढत आणायची. गुडघा थोडा वाकायचा आणि मग अडायचा. दुखून थांबणं वेगळं. दुखत तर होतंच. हा गुडघा अडायचा, फुगलेलं दार चौकटीत अडावं तसा. पलीकडे जागा आहे हे माहीत असायचं, पण जाता यायचं नाही.

मॅडमकडे दोन हातांचं प्लास्टिकचं कोनमापक होतं. ते गुडघ्यावर धरून तिनं पाहिलं आणि म्हणाली, सत्तर अंश. नव्वद तरी व्हायलाच हवेत, नाहीतर खुर्चीतून धड उठता येणार नाही की जिना चढता येणार नाही. पुढच्या खेपेलाही सत्तर. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या वेळी तिनं कोनमापक पिशवीत ठेवता ठेवता, मिस्त्रींकडे न बघता विचारलं, "काका, मी नसताना करताय ना?"

मिस्त्रींच्या डोक्यात तिडीक गेली. सकाळी उठल्यावर करत होते, दुपारी करत होते, संध्याकाळी बर्फाची पिशवी ठेवायच्या आधी करत होते. पण ते "हो" एवढंच म्हणाले. ज्या माणसाच्या फरशीवर कुणी कधी लेव्हल लावून खातरजमा केली नाही, त्याला आता एवढ्याशा पोरीसमोर आपण चोर नाही असं सांगत बसावं लागतंय, याचीच त्यांना शरम वाटली.

बायकोची तर खात्रीच होती. ती स्वयंपाकघरात असायची. तिथून तिला आतल्या खोलीतली शांतता ऐकू यायची, आणि शांतता म्हणजे नवरा पट्टा बाजूला टाकून पडलाय, असा तिचा सरळ हिशोब होता. मिस्त्रींना दुखताना ओरडायची सवय नव्हती. ओठ आवळून गप्प राहण्याची होती. तीच त्यांच्या मुळावर आली. एकदा ती बहिणीला फोनवर सांगत होती, "अगं, ह्यांना जरा दुखलं की सोडून देतात. तुझे बघ कसे जिद्दीचे." मिस्त्री भिंतीच्या अलीकडे पट्टा ओढत बसले होते. त्यांनी ते ऐकलं, पट्टा आणखी ओढला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत ओढत राहिले. गुडघा तसूभर हलला नाही.

साडूंचं मात्र सगळं लोण्यासारखं चाललं होतं. ते काठी न घेता भेटायला आले. खुर्चीत बसले आणि ऑपरेशनचा पाय खुर्चीखाली असा काही दुमडला की मिस्त्री बघतच राहिले.

"मनावर घ्यावं लागतं, मिस्त्री," साडू म्हणाले. "शरीराचं काय, आपण सांगू तसं ऐकतं ते."

यावर बायकोनं मान डोलावली. मिस्त्रींनी चहाचा कप तोंडाला लावला आणि तो रिकामा झाल्यावरही बराच वेळ तसाच धरून ठेवला.

लेक रोज फोन करी आणि फोन ठेवला की व्यायामाचे व्हिडिओ पाठवी. त्यात मिस्त्रींपेक्षाही म्हाताऱ्या बाया हसत हसत पट्टे ताणत होत्या. मिस्त्रींना त्या बायांचाही राग यायला लागला.

एका रविवारी साडूंनी जेवायला बोलावलं. टॅक्सीत पाय लांब करायला जागा नव्हती, तेव्हा मिस्त्री मागच्या सीटवर आडवे बसून गेले. जेवणं झाली, बहिणी आत बोलत बसल्या. हात धुवायला जाताना मिस्त्रींना बाल्कनीत जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा दिसला. गठ्ठा चांगला फुगलेला होता आणि त्याला सुतळीऐवजी निळा रबरी पट्टा आवळून बांधला होता. पट्ट्याचे रंग मिस्त्रींना आता पाठ झाले होते. लाल झेपला की हिरवा आणि हिरवा झेपला की निळा. साडूंना निळा मिळाला होता आणि साडूंनी तो रद्दीला बांधला होता.

मिस्त्रींनी विचारलं तेव्हा साडूंना त्यात लपवण्यासारखं काहीच वाटलं नाही. ते हसले. सुरुवातीला केले व्यायाम थोडे दिवस, मग म्हटलं चालतोय की चांगला, कशाला उगाच. कोण करत बसतंय रोज? हे सगळं त्यांनी दात कोरत सांगितलं. मिस्त्रींना वाटलं, हे आत जाऊन बायकोसमोर बोला. पण तसं म्हणायचं म्हणजे शाळकरी पोरानं चहाडी केल्यासारखं झालं असतं. ते खाली वाकू शकत नव्हते, म्हणून त्यांनी काठीनं गठ्ठा जवळ ओढला आणि उभ्या उभ्या पट्टा सोडवला.

"हा मी नेतो."

"न्या की," साडू म्हणाले. "मला सुतळी चालेल."

त्याच दिवशी संध्याकाळी लेकीचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, बाबा, रागावू नका, पण भाड्याच्या घराची मुदत संपत आलीये, ह्यांनी दुसऱ्या एका मिस्त्रींना फरशीचं काम दिलंय. माणूस चांगला आहे. तुम्ही बरे झालात की या आणि बघा.

मिस्त्री म्हणाले, बरं केलंत. फरशी कुठली घेतली ते विचारलं. सांधे जास्त रुंद ठेवू नका म्हणावं, असंही सांगितलं. फोन ठेवला आणि त्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं. सूज उतरलेली, व्रण भरत आलेला, बाहेरून बघणाऱ्याला तक्रारीला जागा नाही असा तो पाय होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको बाजारात गेली तेव्हा त्यांनी निळा पट्टा काढला. लाल पट्टा त्याच्यापुढे अगदीच पुळचट होता. निळा दोन्ही हातांना गुंडाळून, पाठ पलंगाच्या कठड्याला टेकवून त्यांनी टाच ओढायला सुरुवात केली. गुडघा अडला. ते थांबले नाहीत. अडलेली फरशी जागेवर बसवायला तिच्यावर हळूहळू सगळं वजन द्यावं, तसं त्यांनी दिलं. आत काहीतरी तटतटलं, गरम झालं. आता सुटतंय असं त्यांना वाटलं आणि त्यांनी आणखी जोर लावला.

सुटलं काहीच नाही. बायको परत आली तेव्हा गुडघा नारळाएवढा झाला होता, हात लावता येत नव्हता, आणि मिस्त्री पाय उशीवर ठेवून पांढरेफटक पडून होते. तिनं भाजीची पिशवी दारातच टाकली. बर्फ काढला, फडक्यात गुंडाळला, मॅडमला फोन लावला. मॅडमनं सगळे व्यायाम बंद करायला सांगितले आणि तो पट्टा काकांच्या हातातून काढून घ्या, म्हणाली. फोन ठेवल्यावर बायकोच्या भीतीचा राग झाला.

"करायचं तेव्हा करत नाही," ती म्हणाली, "आणि करायला लागलात तर असं. मी काय करू तुमचं?"

मिस्त्रींनी एवढे दिवस मूग गिळले होते. अजूनही ते ओरडले नाहीत. ते छताकडे बघत म्हणाले, "तू एक कर. सूज उतरली की समोर बस. मी करतो ते बघ. फक्त बस. मधे बोलू नकोस."

सूज उतरल्यावर एका सकाळी तिनं गॅस बंद केला, हात पुसले आणि स्टूल घेऊन पलंगापाशी येऊन बसली. मिस्त्रींनी लाल पट्टा तळपायाखालून घेतला आणि ओढायला लागले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याला काम करताना तिनं असं समोर बसून कधी पाहिलं नव्हतं. ते कामावर जायचे आणि सिमेंटचे कपडे घेऊन परत यायचे, एवढंच तिला माहीत. आता तिला त्यांच्या मानेच्या शिरा दिसल्या. कपाळावर घाम आला तो दिसला. पट्टा धरलेली बोटं पांढरी झालेली दिसली. आणि तोंडातून आवाज नाही. ते सोडायचे, दम घ्यायचे, पुन्हा ओढायचे. टाच दर वेळी चादरीवरच्या त्याच चुणीपाशी येऊन थांबायची.

तिला राहवलं नाही. ती उठली, एक हात त्यांच्या मांडीवर ठेवला, दुसऱ्यानं नडगी धरली आणि अगदी हलकेच मागं लोटून पाहिली. पुढे काहीच नव्हतं. तिनं हात काढून घेतला.

"हे अडतंय," ती म्हणाली.

"मग मी काय सांगत होतो?"

"तुम्ही काही सांगतच नव्हता," ती म्हणाली, आणि तेही खरंच होतं.

त्या दिवसानंतर ती रोज स्टूल घेऊन बसायला लागली. बोलायची नाही. वाटाणे सोलायची, फाटलेलं शिवायची, पण नजर गुडघ्यावर. मिस्त्रींचा त्रास त्यानं रतीभर कमी झाला नाही. उलट आता दोघांची चिडचिड व्हायला लागली. बहिणीचा फोन आला आणि जिद्दीचा विषय निघाला, तेव्हा बायकोनं, दूध उतू जातंय, असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

डॉक्टरांकडे तपासणीला गेले तेव्हा दवाखाना खच्चून भरलेला होता. डॉक्टर चांगले, पण सतत पुढच्या पेशंटकडे निघालेले. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला, सांधा उत्तम बसलाय म्हणाले, पाय वाकवून पाहिला आणि भुवया वर केल्या.

"व्यायाम कमी पडतोय, आजोबा. जोर वाढवा जरा." असं म्हणून ते हात धुवायला वळले.

मिस्त्री उठायला लागले. एवढ्या मोठ्या माणसाशी काय वाद घालायचा, असा त्यांचा स्वभाव. पण बायको जागची हलली नाही. तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

"डॉक्टर, मी रोज समोर बसते," ती म्हणाली. "ते करतात. रोज करतात. मीसुद्धा आधी मानत नव्हते. तो पाय एका जागी येऊन थांबतो, त्याच्या पुढे मी लोटला तरी जात नाही. तुम्ही नीट बघा."

डॉक्टरांनी नळ बंद केला. परत आले, स्टूल ओढून बसले आणि या वेळी घाई न करता गुडघा धरला. वाटी इकडून तिकडे सरकवून पाहिली, वाकवून पाहिली, डोळे मिटून अडतंय ते कुठे अडतंय याचा अंदाज घेतला. मग म्हणाले की काही जणांच्या शरीरात जखम भरताना आत जास्तीचे चिवट पापुद्रे धरतात आणि ते सांधा जखडून टाकतात. पट्टा ओढून ते सुटत नाहीत. भूल देऊन, पेशंट झोपेत असताना, पाय वाकवून मोकळा करावा लागतो. फार उशीर झालेला नाही, या आठवड्यात करून टाकू.

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुमचं? नाही, नाही," डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाले. "होतं असं कधी कधी."

इतक्या दिवसांचं ओझं उतरावं असं ते वाक्य होतं. पण बाहेर येऊन बाकावर बसल्यावर मिस्त्रींना हलकं वाटण्याऐवजी अंगाचा तिळपापड झाला. होतं असं कधी कधी! मग हे आधी का नाही सांगितलं कुणी? मॅडमनं विचारलं ते करताय ना म्हणून, साडूंनी मनावर घ्यायला सांगितलं, लेकीनं व्हिडिओ पाठवले, आणि ते स्वतःसुद्धा मनातून धरूनच चालले होते की खोट आपल्यातच आहे. बायको शेजारी बसली होती. तिनं माफी मागितली नाही, तशी तिची पद्धतच नव्हती. तिनं पर्समधून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "मी धाकटीला सांगणार आहे. चांगलं सांगणार आहे."

भूल देऊन पाय वाकवायला डॉक्टरांना काही मिनिटंच लागली. मिस्त्री जागे झाले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आपण एवढे दिवस ज्याच्याशी झुंजलो ते कुणीतरी आपण झोपलेलो असताना उरकून टाकलं, हेसुद्धा त्यांना थोडं लागलंच.

आणि मग पुन्हा पहिल्यापासून. आता पट्टा पिवळा, लालपेक्षाही मऊ. मोकळा झालेला गुडघा पुन्हा जखडायच्या आत हलता ठेवायला हवा, म्हणून पूर्वीपेक्षा जास्त वेळा, आणि दुखणं पूर्वीपेक्षा वाईट. पण आता टाच चादरीवर पुढे पुढे सरकत होती. मॅडमच्या कोनमापकावर पंच्याऐंशी आले, नव्वद आले. मग पुन्हा थोडे मागं गेले. मग परत पुढे.

मधे लेकीकडे जाऊन आले. नवी फरशी त्यांनी काठीच्या टोकानं जागोजागी ठोकून पाहिली, उजेडाकडे तोंड करून तिच्या कडा बघितल्या. कुठे पोकळ वाजत नव्हतं. सांधे सरळ होते. कोपऱ्यातले तुकडे असे कापले होते की त्यांनीही तसेच कापले असते. लेक तोंडाकडे बघत उभी होती. काम चांगलं आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि परत येताना टॅक्सीत त्यांना आख्खा रस्ता त्याच गोष्टीचा त्रास होत राहिला.

मॅडम शेवटची आली त्या दिवशी गुडघा शंभराच्या थोडा पुढे वाकत होता. साडूंचा कधीच त्याच्या पुढे गेला होता. डॉक्टरांनी आता जमिनीवर गुडघे टेकून बसायचं नाही असं बजावलं होतं, म्हणजे फरशीचं काम संपलंच होतं; एका दुकानदारानं फरशी दाखवायला, मापं घ्यायला बसाल का म्हणून विचारलं होतं, त्यावर मिस्त्रींनी हो किंवा नाही काहीच कळवलं नव्हतं. मॅडमनं कोनमापक पिशवीत ठेवलं आणि जरा घुटमळली.

"काका, मी डॉक्टरांना आधीच फोन करायला हवा होता," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही करत नसाल."

या वाक्यासाठी मिस्त्रींनी मनात कितीतरी दिवस एक उत्तर घोळवून ठेवलं होतं. चांगलं लांब होतं, झोंबणारं होतं. पण समोर ती पोरगी खाली मान घालून उभी होती, आणि त्यांची मांडी व्यायामानं अजून थरथरत होती.

"सगळ्यांनाच वाटलं," ते म्हणाले. "आता हिरवा पट्टा कधी देणार ते सांगा."

तिनं दिला. डाव्या गुडघ्याचाही एकदा एक्स-रे काढून घ्या, असं जाता जाता दारातून म्हणाली. बायकोनं मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी ऐकू आलंच नाही असं दाखवलं, हिरव्या पट्ट्याला गाठ मारली, खुर्चीच्या पायात अडकवली आणि पाय वर उचलला. पट्टा कडक होता. त्यांनी एक शिवी हासडली, पहिल्यांदाच मोठ्यांदा, आणि पाय सावकाश खाली आणला.